थापटणं खाली ठेवून

महिन्यातून एक दिवस केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. कागदोपत्री त्या दिवसाचं नाव शिक्षण परिषद. आमच्या हिंगोली जिल्ह्यात ही परिषद कधी कयाधूकाठच्या गावात भरते, कधी कळमनुरीकडच्या डोंगराळ पट्ट्यात, कधी वसमतच्या हळदीच्या शिवारात. सकाळपासून मोटारसायकली येऊन झाडाच्या सावलीला लागतात. यजमान शाळेच्या मुलांनी फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहिलेलं असतं, सावित्रीबाईंच्या आणि जोतीरावांच्या प्रतिमांना हार घातलेले असतात. प्रास्ताविक होतं, सूचना होतात, वरून ठरून आलेला महिन्याचा विषय वाचून दाखवला जातो. मग घोषणा होते, आता गटचर्चा.

त्या दिवसाचं भवितव्य इथून पुढे ठरतं. पुढचा तास रंगेल, की जाणती माणसं माना डोलावत घड्याळाकडे बघत बसतील, हे बरंचसं सुलभकाच्या हातात असतं. मी हे काम करते. शिकवणं माझ्या जिव्हाळ्याचं आहेच, पण शिकवणाऱ्यांना बोलतं करणं त्याहून अवघड आहे, आणि माझ्या लेखी त्याहून निकडीचं.

निकड कसली, ते द्विशिक्षकी शाळेत राबलेल्याला सांगावं लागत नाही. चार वर्ग, दोन शिक्षक. एक जण बैठकीला किंवा पोषण आहाराच्या हिशेबाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. दिवसभर तोंडाला विश्रांती नसते, तरी आपल्या कामाविषयी बोलायला समोर बरोबरीचं माणूस नसतं. तिसरीतलं पोर अक्षरं ओळखतं आणि शब्दाशी येऊन थांबतं, हे कोणाला सांगायचं? घरी सांगून उपयोग नाही, साहेबांना सांगितलं तर आपल्याच अंगाशी येतं. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं हे दुखणं नेमकं ओळखलं होतं. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. एकेकट्या पडलेल्या शाळा जवळपासच्या शाळांशी जोडाव्यात, शिक्षकांनी एकमेकांच्या आधारानं शिकावं, म्हणून आयोगानं शाळासमूहाची शिफारस केली. पुढे नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, त्यांच्या मुळाशी हाच विचार दिसतो. परिषद मुळात एकटेपणावरचा इलाज आहे. तिथेही दिवसभर नुसतं ऐकूनच घ्यायचं असेल, तर शिक्षक आला तसाच एकटा परत जातो.

आमच्या मुलखाला वक्त्याचं मोठं वेड. नरहर कुरुंदकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या नांदापूरचा, १९३२ सालचा, आणि त्यांचं आडनाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं. अख्खा महाराष्ट्र त्यांच्या व्याख्यानांना कान देऊन बसायचा. सप्ताहात रात्र-रात्र कीर्तन ऐकणारी ही माणसं आहेत. ऐकण्याची ही ताकद मी कमी लेखत नाही, तिच्यावरच या भागाचं मन घडलं आहे. पण व्याख्यान शोभतं ते बोलणाऱ्याजवळ ऐकणाऱ्यापेक्षा जास्त काही असतं तेव्हा. परिषदेतली गोष्ट उलटी आहे. तांड्यावरचं पोर सोमवारी शाळेत का येत नाही, याची माहिती समोर बाकावर बसलेल्यांकडे आहे, खडू हातात घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे नाही. ज्याच्याजवळ माहिती आहे त्यानं गप्प बसायचं आणि जिच्याजवळ नाही तिनं बोलत राहायचं, असा उलटा कारभार किती दिवस चालवायचा?

म्हणून मी सुरुवात बाकांपासून करते. फळ्याकडे तोंड करून लावलेल्या बाकांवर बसलं की पन्नाशीचा मुख्याध्यापकही विद्यार्थी होतो, त्यातही मागच्या बाकावरचा. बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या की पाच-सहा जणांचे गोल आपोआप जमतात. एका शाळेचे शिक्षक एकमेकांना धरून बसतात, तेव्हा एक ते चार अंक मोजून त्यांना वेगळं करावं लागतं. गटांना आपल्याच नद्यांची नावं द्यावीत, कयाधू, पूर्णा, पैनगंगा, आसना. केंद्रप्रमुखांनाही एका गटात बसायची विनंती करावी, आणि तीही चारचौघांत नको, आदल्या दिवशी फोनवर. साहेब खुर्चीत बसून राहिले तर प्रत्येक वाक्य त्या खुर्चीला उद्देशून बोललं जातं. ते सतरंजीवर येऊन बसले की वाक्यं एकमेकांकडे वळतात. मांडी घालून बसलेले, वहीत स्वतःही लिहिणारे केंद्रप्रमुख मी पाहिले आहेत, आणि त्या दिवशीच्या बोलण्याला आलेला मोकळेपणाही.

मग प्रश्न. चर्चा मेली तर तिचं मरण बहुतेक वेळा प्रश्नातच असतं. ‘विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढवण्यासाठी कोणत्या उपाययोजना कराव्यात?’ असं विचारलं की दोन मिनिटांत चारही तक्ते भरतात. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा, पालकभेटी वाढवाव्यात, कृतियुक्त अध्यापन करावं, वाचनकोपरा तयार करावा. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि ते लिहायला वर्गात पाऊल टाकलेलं असण्याचीही गरज नाही. त्याऐवजी विचारावं, ‘गेल्या महिन्यात तुमच्या वर्गातलं कोणतं मूल वाचताना नेमकं कुठे अडलं? तुम्ही त्या वेळी काय केलंत?’ इथे तयार उत्तर कामाला येत नाही. डोळ्यांसमोर एक मूल आणावं लागतं, त्याचं नाव, त्याचं दप्तर, त्याचं ते अडखळणं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही आणि सांगणाऱ्याच्या अनुभवात आहे, असा प्रश्न शोधायला मला परिषदेच्या आधीची अख्खी संध्याकाळ कमी पडते.

प्रश्न विचारला की थांबायचं. हे लिहायला दोन शब्द लागतात, करायला छाती लागते. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातल्या बोलण्याच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली, उत्तरांत कारणं येऊ लागली. १९७० च्या दशकातलं हे संशोधन आम्हा शिक्षकांना मुलांच्या संदर्भात अधूनमधून सांगितलं जातं, पण मोठ्यांच्या सभेलाही ते तितकंच लागू आहे. मी आधी दोन मिनिटं प्रत्येकाला आपापल्या वहीत लिहायला सांगते. मग शेजाऱ्याला सांगायचं, आणि त्यानंतर गटात. चारचौघांत एकदम बोलायला जे बिचकतात, त्यांच्या हाताशी तोवर लिहिलेलं काहीतरी असतं. कागदावर उतरलेलं वाक्य वाचून दाखवायला नवी शिक्षिकाही कचरत नाही.

कोण आधी बोलतं, याचंही वजन पडतं. आपल्याकडे मानाप्रमाणे बोलण्याची रीत आहे. ज्येष्ठ गुरुजी आधी बोलतात आणि त्यानंतरची सगळी बोलणी ‘सरांनी सांगितलंच आहे’ इथून सुरू होऊन तिथेच संपतात. ज्यूंच्या प्राचीन न्यायसभेचा एक नियम मला म्हणूनच फार आवडतो. देहदंडाच्या खटल्यात मत देण्याची सुरुवात कडेला बसलेल्या सर्वांत कनिष्ठ सभासदांपासून करायची, म्हणजे थोरांच्या मताचा दाब त्यांच्यावर पडणार नाही. एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असला तर लहानाचं मत मोठ्याच्या मताखाली दबता कामा नये, एवढी काळजी त्या लोकांनी घेतली. आमच्याकडे प्रश्न मुलाच्या आयुष्याचाच असतो. मी गटांना सांगते की ज्यांची नोकरी सगळ्यांत कमी त्यांनी सुरुवात करायची, आणि सगळ्यांत जुन्या गुरुजींनी शेवटी बोलायचं. ज्येष्ठांना हे आधी समजावून सांगितलं की ते मनापासून मान्य करतात. शेवटी बोलणारा सगळ्यांचं ऐकून बोलतो, आणि त्यांचा अनुभव तिथे खऱ्या अर्थानं कामाला येतो.

एका परिषदेत अशाच क्रमानं बोलणं चाललं होतं. तांड्यावरच्या शाळेत नव्यानं रुजू झालेल्या एक मॅडम वही उघडून खालच्या आवाजात वाचू लागल्या. त्यांच्या पहिली-दुसरीच्या मुलांची घरची भाषा बंजारा. पुस्तकातल्या आईचं चित्र दाखवलं की मुलं ‘याडी’ म्हणत आणि मॅडमकडे बघून गप्प होत, आपलं चुकलं असं समजून. मॅडमनी फळ्याचे दोन भाग केले. डाव्या बाजूला मुलं सांगतील ते शब्द, ‘याडी’, ‘बाटी’, आणि उजव्या बाजूला त्याच वस्तूंची मराठी नावं. आठवडाभरात फळा भरला. डावी बाजू मुलांच्या तोंडची असल्यामुळे ती वाचायला कोणी अडलं नाही, आणि तीच अक्षरं उजवीकडे भेटल्यावर ती ओळखीची झाली होती. मॅडमनी एवढंच वाचलं आणि वही मिटली. शेजारचे निवृत्तीला आलेले गुरुजी म्हणाले, ‘मॅडम, वर्षानुवर्षं तांड्यावर काढली मी, पण हे काही सुचलं नाही बघा. एक दिवस येतो तुमच्या शाळेत.’ त्या गटाला त्या दिवशी वेगळ्या मार्गदर्शनाची गरज उरली नाही.

तक्त्यावर काय लिहिलं जातं, याकडेही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. गटात एक जण सांगत असतो, ‘बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला, माय पण गेली, पोरगं आजीपाशी आहे. आजीला दिसत नाही. सकाळचं शेरडं सोडून ते शाळेत येतं, तोवर दुसरा तास होतो.’ लिहिणारा मान डोलावतो आणि तक्त्यावर मार्करनं सुंदर अक्षरात लिहितो, पालकांची उदासीनता. एका क्षणात ती आजी गेली, शेरडं गेली, कारखान्याच्या फडावरचे मायबाप गेले, आणि पोराच्या गैरहजेरीचा दोष न केलेल्या गुन्ह्यासारखा त्यांच्या माथी बसला. उदासीनतेवर उपाय म्हणून प्रबोधन करावं असं दुसऱ्या रकान्यात येतं, आणि चर्चा संपते. म्हणून मी लिहिणाऱ्याला हात जोडून सांगते, बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, कागद कमी पडला तर दुसरा घ्या. एका परिषदेत हे वाक्य तसंच लिहिलं गेलं, आणि ते वाचून शेजारच्या गटातून आवाज आला की आजीकडे राहणाऱ्या पोराला हंगामी वसतिगृहाच्या यादीत घेता येतं का ते बघू. दुसऱ्यानं सुचवलं की शेरडं सोडायला गल्लीतलंच मोठं पोर मदत करील, तोवर याचा पहिला तास दुपारी भरून काढू. प्रबोधनातून असं काही निघालं नसतं.

या कामाविषयी विचार करताना मला आमच्याच मातीतली एक कथा पुन्हा पुन्हा आठवते. नामदेव महाराज नर्सीचे, इथल्याच कयाधूच्या काठचे. आख्यायिका अशी की तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. यातलं कोणाचं मडकं पक्कं, कोणाचं कच्चं, हे पाहायला गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटू लागले. बाकीचे संत शांत बसले. नामदेवांनी मात्र तक्रार केली, आणि भर सभेत निवाडा झाला, हे मडकं कच्चं. दुखावलेले नामदेव पंढरीला गेले आणि तिथून त्यांना वाट मिळाली औंढ्याची, विसोबा खेचरांकडे जाण्याची. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, मला उठवत नाही, पिंडी नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलले, जिथे ठेवले तिथे पिंडी दिसली. पुन्हा उचलले, पुन्हा तेच. देव सगळीकडे आहे असं विसोबांनी एका शब्दानं सांगितलं नाही. ते नामदेवांना स्वतःच्या हातांनी कळलं.

गोरोबाकाकांचा अधिकार थोर होता, आणि त्यांच्या त्या निवाड्यामुळेच नामदेव औंढ्याच्या वाटेला लागले. पण आपण सामान्य माणसं तो अधिकार नसताना थापटणं घेऊन सभेत फिरतो. ‘छान’, ‘अगदी बरोबर’, ‘हे जरा विषयाला सोडून झालं’, ‘अजून कोणी चांगलं उत्तर देईल का’, हे सगळे थापटण्याचेच आवाज. ज्याला शाबासकी मिळाली त्याच्या उत्तराचा साचा बाकीचे उचलतात, ज्याला मिळाली नाही तो दिवसभर तोंड उघडत नाही. उठता-बसता शाबासकी मिळाली की मुलं समोरच्या प्रयोगाऐवजी शिक्षकाच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतात, असं त्या रो यांनीही नोंदवून ठेवलं आहे. सुलभकानं विसोबांचा मार्ग धरावा, असं मला वाटतं. करून पाहता येईल असं काही समोरच्याच्या हाती द्यावं आणि तो करत असताना आपण मध्ये पडू नये. ‘अक्षरओळख असूनही वाचत नाही’ असं कोणी म्हणालं तर कारणं सांगत बसू नये. यजमान शाळेतलं पुस्तक उघडून द्यावं आणि म्हणावं, तुमचं मूल या पानावर कुठे अडेल, बोट ठेवून दाखवा. सहा बोटं सहा ठिकाणी पडतात. कोणाचं जोडाक्षरावर, कोणाचं लांबलचक वाक्यावर, तर कोणाचं मुलानं जन्मात न पाहिलेल्या वस्तूच्या नावावर. तिथून पुढे गटाला माझी गरज नसते, आणि चर्चा चांगली चालल्याची माझ्या लेखी तीच खूण.

तक्रारीही येतात, आणि त्या यायला हव्यात. ऑनलाइन माहिती भरण्यात जाणारे दिवस, रिकाम्या जागा, मतदार यादीचं काम, फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायला आणि शिजवायला घरची सगळी माणसं गेली की धाकट्या भावंडाला सांभाळणारी चौथीतली मुलगी. ‘नकारात्मक बोलू नका’ असं म्हणून हे दाबलं की ते बाहेर अंगणात बोललं जातं आणि आतलं बोलणं खोटं होतं. मी भिंतीवर एक वेगळा कागद लावते. आपल्या हातात नसलेलं सगळं त्यावर लिहायचं आणि परिषद संपताना केंद्रप्रमुखांच्या स्वाधीन करायचं, वर पाठवण्यासाठी. आपल्या हातातलं काय ते उरलेल्या वेळात बोलायचं. दोन्ही कागद भरतात. दुसरा कागद भरायला माणसं तयार होतात, कारण पहिल्या कागदावर त्यांचं दुखणं कोणीतरी जसंच्या तसं उतरवून घेतलेलं असतं.

शेवटच्या वीस मिनिटांत गटप्रमुखांची लांबलचक सादरीकरणं मी ठेवत नाही. तक्ते भिंतीला लावायचे, सगळ्यांनी फिरून वाचायचे, आणि आपल्या शाळेत या महिन्यात करून पाहीन अशी एकच गोष्ट प्रत्येकानं वहीत तारखेसह लिहायची. पुढच्या परिषदेचा पहिला विषय तोच असतो, ठरवलं होतं त्याचं काय झालं? कोणाचं जमलेलं असतं, कोणाचं फसलेलं. फसलेल्यावर जास्त वेळ द्यावा, कारण वर्गाची खरी अडचण तिथेच दिसते.

एवढा आटापिटा एका तासासाठी कशाला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर वर्गात आहे. शिक्षकाला जसं वागवलं जातं तसं तो मुलांना वागवतो, यावर माझा पक्का विश्वास बसला आहे. ज्याला दिवसभर रांगेत बसवून सूचना दिल्या जातात, तो दुसऱ्या दिवशी मुलांना रांगेत बसवून सूचनाच देतो, आणि त्यात त्याचा दोष थोडा. ज्याला कोणी मनापासून विचारलं, उत्तरासाठी थांबून राहिलं, त्याचे शब्द होते तसे फळ्यावर लिहिले, तो मुलालाही विचारतो आणि थांबतो. या जिल्ह्यात पहिल्या पिढीची शिकणारी मुलं अजून पुष्कळ आहेत. ‘तुला काय वाटतं?’ असं त्यांना घराबाहेर पहिल्यांदा विचारणारं माणूस बहुधा त्यांचे गुरुजी किंवा बाईच असतात. तो प्रश्न विचारायची सवय गुरुजींना लागावी म्हणून परिषदेत आधी तो गुरुजींना विचारला गेला पाहिजे. तांड्यावरच्या मुलानं उद्या ग्रामसभेत उभं राहून आपलं म्हणणं मांडावं असं आपल्याला वाटत असेल, तर त्याची तयारी महिन्यातल्या या एका दिवशी, या सतरंजीवर करायला हवी.